शिपायाची बंदूक

आपल्याकडे तलवारीला नांव असतें, तोफेला नांव असतें. साध्या शिपायाच्या बंदुकीला मात्र कोणीं नांव दिल्याचें ऐकिवांत नाहीं. छत्रपतींची भवानी, विजापूरची मुलुखमैदान, जंजिऱ्याची कलालबांगडी, हीं नांवें शाळेंतल्या मुलालाहि ठाऊक असतात. तलवार घराण्याची असते, तोफ किल्ल्याची असते. बंदूक ही ज्याच्या हातीं पडली त्या शिपायाची, आणि तो शिपाई नाहींसा झाला कीं कोणाचीच नाहीं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढें पाऊणशें वर्षें हिंदुस्थानांतील बहुतेक मोठ्या लढायांत जिनें काम केलें, त्या चकमकीच्या बंदुकीकडे आपल्या देशांतील संग्राहकांचें आणि इतिहासकारांचेंहि जें दुर्लक्ष झालें आहे, त्याचें मूळ मला या निनांवीपणांत दिसतें.

गेलीं वीस वर्षें फुरसतीच्या वेळीं मी या बंदुकांच्या मागें लागलों आहें. संग्राहक म्हणवून घेण्याइतका माझा संग्रह नाहीं. एक मोडकी कळ, गारेचे चार तुकडे आणि टिपणांच्या सात वह्या एवढीच माझी दौलत. बाकीचा सारा संग्रह लोकांच्या घरीं जाऊन डोळ्यांनीं पाहिलेला. या नादामुळें माझे जुने विद्यार्थी मला अधूनमधून आमंत्रणें धाडतात. गेल्या वर्षीं पितृपक्षांत असेंच एक पत्र आलें. "सर, आमच्या घरीं वडगांवच्या लढाईंतील बंदूक आहे. एकदां येऊन पाहून जा, आणि जमल्यास आम्हांला एक कागद लिहून द्या."

कागदाचा खुलासा मला त्यांच्या सातारा जिल्ह्यांतील गांवीं गेल्यावर झाला. वाड्याची मागची पडवी पावसानें खचली होती. डागडुजीला पैसा हवा होता, आणि एका व्यापाऱ्यानें त्या बंदुकीला किंमत सांगितली होती. नुसत्या बंदुकीची किंमत एक. ती वडगांवीं इंग्रजाच्या हातून हिसकावून घेतलेली आहे असें इतिहासाच्या प्राध्यापकाचें पत्र सोबत असेल तर किंमत चौपट. घराण्यांतील कथा अशी कीं, १७७९ च्या जानेवारींत राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठीं मुंबईकर इंग्रजांची फौज घाट चढून आली, मराठ्यांनीं मुलूख उजाड करून तिची रसद तोडली, जड तोफा तळेगांवच्या तळ्यांत टाकून ती माघारी फिरली आणि वडगांवीं कोंडली जाऊन तिला तह करावा लागला. त्या गर्दींत महादजी शिंद्यांच्या फौजेंतील यांच्या पूर्वजानें एका टोपीकराची बंदूक ओढून आणली. दरसाल खंडेनवमीला ती देवघरापुढें मांडून तिला हळदकुंकू वाहण्याची या घरांत चाल आहे. घरच्या वडीलधाऱ्या आईसाहेब, वय ऐशींच्या पुढें, त्या दिवशीं स्वतः तिची पूजा करतात.

बंदूक माझ्यापुढें ठेवण्यांत आली तेव्हां माझ्या काळजांत धस्स झालें. पाहुण्यासाठीं म्हणून ती आदल्या दिवशीं गांवच्या लोहाराकडून काचकागदानें घासून आरशासारखी लखलखीत करवून आणली होती, आणि लांकडावर व्हार्निशाचा हात दिला होता. घरच्यांनीं तें प्रेमानेंच केलें होतें. पण जुन्या कागदावरील शाई फिकी झाली म्हणून कोणी तो साबणानें धुवून आणावा, तसाच तो प्रकार झाला होता.

ही उपमा कां द्यावी लागली हें समजण्यासाठीं चकमकीची बंदूक म्हणजे काय तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. आपल्याकडील जुनी बंदूक तोड्याची. तिला पेटती जामगी लागे. ती पावसांत विझे, रात्रीं दुरून दिसे, आणि दारूच्या पिशवीजवळ सदा निखारा बाळगावा लागे. नेमाच्या बाबतींत मात्र चांगली देशी तोड्याची बंदूक हलकी नव्हती. कित्येकदां तिचा पल्ला विलायती बंदुकीहून लांबचा असे. चकमकीच्या बंदुकींत जामगीच्या जागीं गार आली. घोड्याच्या जबड्यांत गारेचा तुकडा घट्ट बसविलेला असतो. चाप ओढला कीं घोडा पुढें झेपावतो, गार समोरच्या पोलादी झडपेवर घासते, झडप मागें उलटते, आणि तिच्याखालच्या वाटींतील रंजकावर ठिणग्या पडतात. तो जाळ कानांतून आंत शिरून नळींतील दारू पेटवितो. ही कळ सतराव्या शतकाच्या आरंभीं फ्रान्समध्यें सिद्ध झाली आणि शंभर वर्षांत यूरोपच्या सर्व फौजांत पसरली. कवाइतीचा शिपाई कागदी काडतूस दांतांनीं फोडून, रंजक भरून, दारू व गोळी गजानें ठासून मिनिटाला तीन बार काढीत असे. नळी आंतून गुळगुळीत आणि गोळी तिच्याहून बारीक, म्हणून शंभर यार्डांपलीकडे एका माणसावर नेम धरणें हा केवळ दैवाचा खेळ. तेव्हां या हत्याराचें बळ नेमांत नव्हतें; खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या रांगेनें एकाच हुकुमासरशीं बार काढावा आणि मग संगीन रोखून पुढें जावें, यांत तें होतें. एकट्या माणसाच्या हातीं ती बंदूक म्हणजे लोखंडी नळी लावलेला दांडा. पलटणीच्या हातीं ती भिंत होई.

इंग्रज शिपाई आपल्या बंदुकीला लाडानें ब्राउन बेस म्हणत. तिच्या नळीचें तोंड सुमारें पाऊण इंचाचें. आरंभींची नळी ४६ इंच लांब होती; पुढें ती ४२ इंचांवर आली; आणि ईस्ट इंडिया कंपनीनें आपल्या फौजांसाठीं जी साधी व स्वस्त बंदूक करविली तिची नळी ३९ इंचांची होती. १७९३ सालीं इंग्लंडचें फ्रान्सशीं युद्ध जुंपलें तेव्हां तेथील सरकारजवळ पुरेशा बंदुका नव्हत्या. त्यांनीं कंपनीच्या कोठारांतल्या बंदुका विकत घेतल्या, आणि १७९७ पासून कंपनीचाच नमुना राजाच्या फौजेचा नमुना ठरला. इंग्रजींत तिचें नांवच 'इंडिया पॅटर्न' पडलें. वॉटर्लूच्या रणांत इंग्रज पायदळाच्या हातीं जी बंदूक होती, तिचा नमुना हिंदुस्थानांतील फौजांसाठीं बेतलेला होता, हें आपल्याकडे फारच थोड्यांना माहीत असतें.

या बंदुकांवर त्यांचा जन्मवृत्तान्त लिहिलेला असतो, आणि तो वाचतां येणें हेंच संग्राहकाचें खरें शिक्षण होय. राजाच्या बंदुकीच्या कळेवर मुकुट, त्याखालीं राजाच्या नांवाचीं आद्याक्षरें आणि 'टॉवर' हा शब्द असतो. कंपनीच्या बंदुकीवर आरंभीं हृदयाच्या आकाराची, आंत चार अक्षरें असलेली गांठोड्यावरची व्यापारी खूण असे. कापडाच्या गठ्ठ्यावर आणि माणूस मारण्याच्या यंत्रावर छाप एकच. १८०८ च्या सुमारास ती जाऊन तिच्या जागीं मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह आला. जवळजवळ त्याच वेळीं घोड्याचा आकारहि बदलला: पूर्वीचा हंसाच्या मानेसारखा बारीक बांकाचा घोडा मोडत असे, म्हणून त्या बांकांत धातूचा आधार ठेवून तो कड्यासारखा मजबूत केला गेला. याशिवाय नळीच्या पोटाकडच्या, लांकडांत झांकलेल्या बाजूवर कारागिरांच्या खुणा, तपासनिसाचे ठसे, दस्त्यावर पलटणीचे आंकडे असतात. धातूवरचा तांबूस काळा थर, दस्त्याचा गालाजवळ गुळगुळीत झालेला भाग, कानाभोंवतीं दारूनें खाल्लेले खड्डे, हेंसुद्धां लिखाणच आहे. काचकागद पहिल्यांदा पुसून टाकतो तें हेंच.

सुदैवानें लोहाराचा हात घाईचा होता. संध्याकाळीं दिवा कळेच्या पट्टीला समांतर धरून मीं पाहिलें, तेव्हां त्या लखलखाटांत एक शेपटी, एक मागचा पाय आणि पंजांत धरलेल्या मुकुटाची कड अशी पुसट आकृति दिसली. घोडा कड्याचा होता. घोडा एखादे वेळीं मागाहून बदललेला असूं शकतो, म्हणून एकट्याच्या साक्षीवर मीं निकाल दिला नसता. पण सिंह आणि घोडा दोघेहि एकच सांगत होते. ही बंदूक १८०८ च्या पूर्वीची नव्हे. वडगांवचा तह झाला तेव्हां ती जन्मासहि आली नव्हती.

"मग ती आली कोठून?" विद्यार्थ्यानें विचारलें. त्याचा चेहरा उतरला होता, आणि तो केवळ पैशासाठीं उतरला होता असें मी म्हणणार नाहीं.

त्याला मीं तीन वाटा सांगितल्या. पहिली त्याच्या मनासारखी: १८१७ च्या नोव्हेंबरांत खडकीला किंवा त्यानंतरच्या धामधुमींत ती पूर्वजाला मिळाली असेल. दुसरी अशी कीं, केपाच्या बंदुका आल्यावर चकमकीच्या बंदुका निकामी ठरल्या आणि संस्थानिकांच्या फौजांत वा बाजारांत गेल्या, तशी ती आली असेल. तिसरी वाट सांगतांना मी जरा अडखळलों. तो पूर्वज स्वतःच कंपनीच्या पलटणींत असेल, आणि ही बंदूक त्यानें शत्रूच्या हातून घेतलेली नसून त्याच्याच खांद्यावर वाहिलेली असेल.

ही तिसरी शक्यता आपल्याला रुचत नाहीं, पण ती काल्पनिक नाहीं. मुंबईच्या फौजेंत कोंकणांतले आणि घाटावरचे मराठी शिपाई हजारांनीं होते. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कोरेगांवीं उभारलेल्या स्तंभावर जीं नांवें कोरलीं आहेत त्यांत नाकान्त नांवांचे महार शिपाई आहेत, आणि इतरहि मराठी नांवें आहेत. उलट पेशव्यांच्या बाजूनें त्या दिवशीं अरब लढले. ज्या समाजानें ज्यांना पाणवठ्यावर पाऊल ठेवूं दिलें नाहीं, त्यांनीं पलटणींत नांव, पगार आणि मान मिळविला असेल, तर त्यांना दूषण देण्याचा अधिकार निदान त्या समाजाच्या वंशजांना नाहीं. त्या बंदुकीला बाजू नव्हती. ती ज्यानें भाकरी दिली त्याच्या बाजूनें उडाली.

येथें एका रूढ समजुतीचा विचार करणें प्राप्त आहे. इंग्रजांजवळ चांगलीं शस्त्रें होतीं आणि मराठ्यांजवळ नव्हतीं, म्हणून राज्य गेलें, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों. बंदुका तसें म्हणत नाहींत. पानिपतावर १७६१ सालींच इब्राहीमखान गारद्याच्या कवाइती पलटणी होत्या. महादजी शिंद्यांनीं १७८४ सालीं द बॉयन यास चाकरीस ठेवून ज्या पलटणी उभ्या केल्या त्यांच्या हातीं चकमकीच्या बंदुका व संगिनी होत्या, आणि त्यांच्या तोफा-बंदुका घडविण्याचा कारखाना सँगस्टर नांवाच्या स्कॉच कारागिराच्या देखरेखीखालीं आग्र्यास चालत असे. १७९० सालीं पाटण आणि मेडतें येथें याच पलटणींनीं रजपुतांचे घोडे अडविले. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईला शिंद्यांच्या पायदळानें व तोफखान्यानें वेलस्लीचीं दीड हजारांवर माणसें जखमी वा ठार केलीं. १ नोव्हेंबरास लासवारीला त्या पलटणी ज्या निश्चयानें लढल्या त्याची तारीफ त्यांना जिंकणाऱ्या लेकनें स्वतः केली.

मग उणें पडलें तें कशांत? ज्या अंमलदारांच्या तोंडून हुकूम निघायचा ते परके होते. २९ ऑगस्ट १८०३ च्या जाहीरनाम्यानें कंपनीनें शिंद्यांच्या चाकरींतील इंग्रज अंमलदारांना फोडलें. सरदार पेराँ हा युद्धाच्या आरंभींच शत्रूच्या आश्रयास गेला. लासवारीला जे शिपाई मेले ते बहुतांशीं आपल्या यूरोपीय अंमलदारांवांचून मेले. द बॉयनच्या पलटणींचा पगार दुआबांतील नेमून दिलेल्या मुलुखाच्या वसुलांतून वेळेवर होत असे. इतर मराठी फौजांचा तो वर्षवर्ष तुंबे. इकडे कंपनी आमच्याच सावकारांकडून कर्ज काढून आमच्याच माणसांना महिन्याच्या महिन्याला पगार देत होती. बंदूक आपण विकत घेतली आणि घडविलीहि. तिच्यामागें जी शिस्त, जी तिजोरी आणि जो आपला अंमलदारवर्ग उभा करावा लागतो, तो आपण उभा केला नाहीं. हत्यार निकृष्ट होतें या समजुतींत एक सोय आहे: दोष लोखंडावर ढकलतां येतो. असईची बंदूक हातांत घेऊन पाहिली कीं ती सोय उरत नाहीं, आणि म्हणूनच अशा बंदुका टिकल्या पाहिजेत असें मला वाटतें.

टिकल्या मात्र फार थोड्या. १८५७ च्या उठावानंतर सरकारनें प्रांतोप्रांतीं हत्यारें गोळा केलीं, आणि १८७८ च्या शस्त्रांच्या कायद्यानें उरलीं सुरलीं शस्त्रें घरांतून बाहेर काढलीं. तलवार आड्यांत लपवितां आली. बंदूक लपविणें कठीण, आणि तिचें लोखंड फाळाला चांगलें. इंग्रजांचें राज्य नव्हतें अशा एका ठिकाणीं मात्र त्या राहिल्या. काठमांडूच्या एका जुन्या वाड्यांत नेपाळ दरबारचें शस्त्रागार होतें. २००३ सालीं तेथील पन्नास हजारांवर जुन्या बंदुका अमेरिकेंतील व्यापाऱ्यांनीं एकगठ्ठा विकत घेतल्या. त्यांत कंपनीच्या चकमकीच्या बंदुका होत्या, आणि नेपाळी कारागिरांनीं त्यांच्यावरून घडविलेल्याहि होत्या. कित्येकांच्या नळीवर देवनागरी अक्षरें कोरलेलीं आहेत. तीं छायाचित्रांत वाचतांना मला जो आनंद झाला त्यांत विषादहि मिसळला होता. कारण आतां तीं अक्षरें ज्यांच्या बैठकींत टांगलीं आहेत त्यांतील फार थोड्यांना तीं वाचतां येतात.

पाश्चात्य देशांत या संग्रहाचा मोठा बाजार आहे, आणि बाजार आला कीं लबाडी आलीच. चकमकीच्या बंदुका पुढें केपाच्या केल्या गेल्या होत्या. आतां जास्त किंमत येते म्हणून केप काढून त्यांना नवी चकमक बसविणारे कारागीर आहेत. खैबर घाटाकडील लोहारांनीं विलायती छाप मारलेल्या बंदुका पिढ्यान् पिढ्या घडविल्या. त्यांतील मुकुट वांकडा असतो आणि इंग्रजी अक्षर कधीं उलटें पडतें. विलायतेंत आणि अमेरिकेंत जुन्या लढायांचे देखावे करणारे हौशी लोक आहेत. त्यांच्यासाठीं ब्राउन बेसच्या नकला आज हिंदुस्थानांतच तयार होऊन तिकडे जातात. पण या सर्व लबाड्यांहून मला जास्त भय वाटतें तें प्रामाणिक माणसाच्या खोट्या कागदाचें. खोटा ठसा जाणत्याला ओळखतां येतो. "अमुक लढाईंत सांपडली" हें वाक्य एकदां मान्यवराच्या सहीनें लिहिलें गेलें कीं तें ग्रंथांतून ग्रंथांत जातें, आणि मग त्या पुराव्यावर दुसरा इतिहास उभा राहतो.

म्हणून ज्या वाचकांच्या घरीं असें एखादें हत्यार असेल त्यांना माझी विनंति एवढीच. तें घासूं नका, रंगवूं नका. कोरड्या मऊ फडक्यानें पुसा आणि लोखंडाला तेलाचा पुसट हात द्या. घरांतील कथा जशी सांगतात तशी, कोण सांगतें त्याच्या नांवासह, लिहून ठेवा. ज्यांतून अजून बार निघूं शकेल अशी वस्तु कितीहि जुनी असली तरी कायद्याच्या दृष्टीनें शस्त्र असूं शकते, तेव्हां कचेरींत चौकशी करा. शंभर वर्षांवरील वस्तु पुराणवस्तु ठरते, आणि १९७२ च्या कायद्यान्वयें ती परदेशीं पाठवितां येत नाहीं, हेंहि ध्यानांत असूं द्या.

मीं वडगांवचा कागद दिला नाहीं. रात्रीं जेवणानंतर आईसाहेबांना सर्व समजावून सांगितलें. मला वाटलें होतें, त्या रागावतील. त्यांनीं बराच वेळ कांहीं म्हटलें नाहीं. मग विचारलें, "म्हणजे आमचा तो माणूस कोणाच्या बाजूनें लढला, तें तुम्हांला सांगतां येत नाहीं?"

"नाहीं, आईसाहेब."

"पण लढला खरा?"

दस्त्याच्या डाव्या अंगाला, जेथें बार काढतांना गाल टेकतो, तेथें व्हार्निशाखालींहि लांकूड झिजून खोलगट झालेलें होतें. त्यांचा हात धरून मीं तो त्या जागीं ठेवला. ती झीज नुसती भिंतीवर टांगून होत नाहीं, असें मीं सांगितलें. तो गाल त्यांच्याच घरचा होता कीं नाहीं, हें मात्र लांकूड सांगत नाहीं, हेंहि सांगितलें.

"चालेल," त्या म्हणाल्या. "पण खोटा कागद देवापुढें नको."

पडवीचें काम अजून अर्धेंच झालें आहे, असें विद्यार्थ्यानें कळविलें आहे. बंदूक घरींच आहे. यंदाच्या खंडेनवमीला ती नेहमीच्या जागीं मांडली गेली. तिच्याशेजारीं त्यानें स्वतःच्या हस्ताक्षरांत एक चिठी ठेवली: वर घरांत काय सांगतात तें, खालीं बंदूक काय सांगते तें. आईसाहेबांनीं हळदकुंकू वाहिलें तें दोन्हींवर.